रस्ता कुणाच्या बापाचा?

माझ्या बापाचा पाय हॉर्नने मोडला. गाडी त्याला शिवलीसुद्धा नाही.

जिंतूरहून परभणीकडे जाणारा रोड. दिवेलागणीला थोडा अवकाश. बाप जिनिंगवरून सुटलेला, हँडलला डब्याची पिशवी, डाव्या कडेने घराकडे निघालेला. मागून जीप आली. तिने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. बापाने सायकल डांबरावरून खाली घातली. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर उतार. सायकल एकीकडे, म्हातारा एकीकडे, मधे पाय. जीप थांबली नाही. कशाला थांबेल? तिने केलंच काय होतं?

मी तेव्हा मुंबईत धक्क्यावर. रात्री फोन आला. गावी पोचलो तर बाप खाटेवर, पायाला प्लॅस्टर, भोवती चार माणसं. त्यातला एक म्हणाला, "म्हाताऱ्यानं बाजूला व्हायला पाहिजे होतं."

मी म्हणलं, "अहो, बाजूला झाला म्हणूनच तर पडला!"

तर बापच माझ्यावर डाफरला. "गप बस रं. मोठ्या गाडीला वाट द्यावीच लागती."

द्यावीच लागती. हे दोन शब्द मी परतीच्या गाडीत रात्रभर चघळत होतो. माझा आजा पाटलाची बैलगाडी दिसली की गाडीवाट सोडून काट्यात उतरायचा आणि जोहार घालायचा. बाप हॉर्न ऐकला की डांबर सोडून खड्ड्यात उतरतो. जोहार गेला एवढाच काय तो फरक. आज्याच्या पायाला ही सवय कुणी लावली ते आपल्याला माहीत आहे. त्यावर आपण कविता केल्या, भाषणं ठोकली. बापाच्या पायाला ही सवय कुणी लावली ते मात्र कुणी विचारत नाही. सगळे त्याला 'अपघात' म्हणतात आणि चहा पितात.

दोस्तांनो, संपादकांनी कविता मागितली होती. ह्या खेपेला कविता नाही. रस्त्याबद्दल लिहितोय.

रस्ता ही आपली जुनी भानगड आहे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं. पावलाचा ठसा मागे राहू नये म्हणून झाडू. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलंय. सवर्ण समोरून येत असेल तर सार्वजनिक रस्ता वापरायचा नाही, सावली पडेल, हेही लिहून ठेवलंय. सार्वजनिक म्हणायचं आणि जनतेतल्या निम्म्यांना वगळायचं, ही ह्या देशाची जुनी चाल. १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, पाणवठे सगळ्यांना खुले. कागदावर खुले. पाणी प्यायला १९२७ साल उजाडलं आणि महाडला बाबासाहेबांना स्वतः तळ्यात उतरावं लागलं. तिकडे त्रावणकोरात १९२४ साली वायकोमचा सत्याग्रह झाला. मागणी काय होती? देवळात घ्या, ही नव्हती. देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालू द्या, एवढीच. चालू द्या! एवढ्यासाठी माणसं तुरुंगात गेली. आणि त्याच्याही पाऊणशे वर्षं आधी, पुण्यात सावित्रीबाई शाळेला निघाली की अंगावर शेण पडायचं. शेण कुठं पडायचं? रस्त्यावर. शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या बाईला आधी रस्त्यातच गाठतात.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्यातल्या पुष्कळांनी वाचलीय पण ह्या अंगाने पाहिली नसेल. १९२९ साल, ऑक्टोबर महिना, चाळीसगाव. बाबासाहेब सरकारी कमिटीचे मेंबर, अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करत फिरतायत. वस्तीतल्या लोकांनी आग्रह केला म्हणून एक रात्र राहिले. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगा पाहिजे. टांगेवाला म्हणाला, महाराला बसवून मी हाकणार नाही. बॅरिस्टर असला म्हणून काय झालं? शेवटी तडजोड झाली, टांगा द्यायचा पण टांगेवाला नाही. मग आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर टांगा आदळला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. बाबासाहेबांचा पाय मोडला. त्यांनी स्वतः हे लिहिलंय.

विचार करा. आजचा पंचनामा असता तर काय लिहिलं असतं? 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात.' झालं, फाइल बंद. लगाम ज्याच्या हातात होता तो आपलाच गरीब माणूस गुन्हेगार, आणि जातीचं नाव कुठंच नाही. म्हणून मी 'अपघात' हा शब्द ऐकला की सावध होतो. अपघाताच्या आधी कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. कोण हाकणार, कोण बसणार, कोण बाजूला सरकणार.

आपल्या बाबाने ह्या शब्दखेळाला घटनेत उत्तर दिलंय. कलम १५ चा दुसरा पोटभाग काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते. रस्ते! सरकारी पैशाने राखलेल्या रस्त्याच्या वापराला कुणाही नागरिकाला जातीधर्मावरून आडकाठी करता येणार नाही. विहिरीच्या ओळीत रस्ता बसवलाय. वकील म्हणतील, हे कलम मोटारीबद्दल नाही. नसेल. पण ज्याने ती ओळ लिहिली त्याचा पाय रस्त्यावर मोडला होता, एवढं मला पुरे आहे.

आता या जिंतूरला.

आमच्या गावाला रेल्वे नाही. जे काय येतं-जातं ते रोडने. परभणी, जालना, औंढा, येलदरी, सगळीकडचे रस्ते गावात येऊन मिळतात आणि त्यांच्यातून गावाला चालावं लागतं. आमची वस्ती रोडच्या एका बाजूला. शाळा, रेशन, दवाखाना, बाजार दुसऱ्या बाजूला. दिवसातून दहादा रोड ओलांडायचा. रुंदीकरण झालं म्हणून पुढाऱ्यांनी नारळ फोडले. रुंद झालं कुणासाठी? कडेची झाडं गेली, सावली गेली. पायी चालणाऱ्याला मिळाली नालीवरची फरशी, ती पण कुठं आहे, कुठं फुटलीय, कुठं तिच्यावर कुणाची बोलेरो उभी. पूर्वी रस्ता अरुंद होता तेव्हा गाडी हळू यायची. आता ती थांबायलाच तयार नाही. हिवाळ्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारातून जातात, मागे साधा लाल तुकडा चिकटवलेला नसतो.

ह्या रोडवर चालतं कोण? सांगा. तालुक्याचा साहेब चालतो? सावकार चालतो? कंत्राटदार चालतो? पहाटे झाडू घेऊन निघालेल्या नगरपालिकेच्या बाया चालतात. सोयाबीन काढायला निघालेल्या टोळ्या चालतात. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली मावशी चालते. एसटी चुकलेला म्हातारा चालतो. सायकल कोण चालवतं? जिनिंगचा हमाल, गवंड्याच्या हाताखालचा पोरगा, दुधवाला आणि शाळेतल्या पोरी.

पोरींचं नीट ऐका. सरकारचा मानव विकास कार्यक्रम आहे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू पोरींना शाळेला जायला सायकलीचे पैसे देतात, २०२२ पासून पाच हजार रुपये. चांगली गोष्ट. मी टिंगल करत नाही. पण सायकल देणाऱ्या सरकारने त्या सायकलीला रस्ता दिलाय का? चार फूट पट्टा आखून दिलाय का? पोरीच्या हातात हँडल द्यायचं आणि तिला ट्रकच्या चाकाशेजारी सोडून द्यायचं, मग सायकलवाटपाचा फोटो छापायचा. माझी भाची नववीत आहे. तिलाही सायकल आहे. बापाचा पाय मोडला त्या आठवड्यात घरात ठरलं, पोरीने सायकलवर जायचं नाही. रिक्षाला रोज पैसे कुठले? मग कधी जाते, कधी जात नाही. सायकल भिंतीला टेकलेली, साखळीला गंज. ताई म्हणते, "जीव महत्त्वाचा का शाळा?" दोस्तांनो, आपल्या बहिणीला हा प्रश्न पडावा ही लाज कुणाची? सावित्रीबाईवर शेण फेकणाऱ्यांना जे जमलं नाही ते एका हॉर्नने केलं.

सरकारचेच आकडे घ्या. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं मेली. त्यातला जवळजवळ पाचातला एक पायी चालणारा. आपल्या महाराष्ट्रात एका वर्षात १५ हजारांच्या वर. त्या अहवालात गाडीचा प्रकार असतो, वय असतं, हेल्मेट होतं का नव्हतं तेही असतं. मेलेल्याची जात नसते, मजुरी नसते. पण पायी कोण चालतं ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

गाव सोडून मुंबईला आलो तर इथं काय वेगळं आहे? मी गोदीत काम करतो. आमच्या धक्क्यावर परदेशी जाणाऱ्या नव्या कोऱ्या मोटारी रांगेने उभ्या असतात. जमिनीवर पट्टे आखलेले, कुणी गाडीला ओरखडा काढू नये म्हणून माणसं नेमलेली. आम्ही गेटाबाहेर पडलो की आमच्यासाठी एकही पट्टा नाही. गेटाबाहेरच्या रोडला पी. डिमेलोंचं नाव आहे. गोदी कामगारांचा पुढारी तो, त्याच्या नावाच्या रोडवर गोदी कामगार ट्रेलरच्या चाकांमधून अंग चोरत चालतो आणि त्याच रोडवरून २०१३ पासून फ्री वे वर उचललाय. वर मोटारी, खाली आम्ही. चातुर्वर्ण्य आता सिमेंटमध्ये ओतलंय.

शिवडीवरून अटल सेतू सुरू होतो. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन, एकूण लांबी २१.८ किलोमीटर. पायी चालायचं नाही, सायकल नाही, मोटारसायकल नाही, रिक्षा नाही. सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचे २५० रुपये. पैसा कुणाचा? आपला सगळ्यांचा. वांद्रे-वरळीच्या पुलावरही २००९ पासून असंच. मी म्हणत नाही की हमालाने समुद्रावरून चालत न्हावाशेव्याला जावं. पण सतरा-अठरा हजार कोटी त्या पुलाला मिळतात आणि माझ्या गेटासमोर पाच फुटी फूटपाथला पैसा मिळत नाही, तेव्हा मला हिशेब कळतो. आणि फूटपाथ असला तरी काय? २००२ साली वांद्र्याला बेकरीसमोर झोपलेल्या कामगारांवर गाडी चढली. एक मेला, चार जखमी. २०१५ ला हायकोर्टाने आरोपीला निर्दोष सोडलं. गाडी होती, प्रेत होतं. चालवणारा सिद्ध झाला नाही.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण आपल्याच बैठकीत ऐकलेत.

पहिला आक्षेप: "परभणीत सोमनाथ गेला आणि तू फूटपाथ मागतोस?" डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला, ते मी विसरलेलो नाही. पण जानेवारी २०२५ ला न्याय मागायला परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला तो कसा निघाला? पायी. नामांतरासाठी १९७९ साली नागपूरहून औरंगाबादकडे निघाला तो लाँग मार्च कसा होता? पायी. आपल्याकडे कारखाने नाहीत, चॅनेल नाहीत, आपल्याकडे पाय आहेत. ते पाय रोज मोडत असतील तर तो किरकोळ प्रश्न कसा? कोठडीतलं मरण आणि रस्त्यावरचं मरण मी एका तागडीत घालत नाही. पण 'ह्याचा जीव स्वस्त आहे' असं म्हणणारी अक्कल दोन्हीकडे तीच आहे.

दुसरा आक्षेप: "हे पांढरपेशांचं फॅड आहे." आहेच की! २०२२ साली मुंबईत रविवारी सकाळी रस्ते बंद करून लोकांना चालायला, सायकल फिरवायला मोकळे दिले. मरीन ड्राइव्हवर चार चार महिन्यांच्या मजुरीची सायकल घेऊन माणसं आली. रविवारी हौसेने सायकल, सोमवारी मोटार आणि हॉर्न. आमचा सोमवार कुणी मोकळा करत नाही. आणि ह्यांनाच फूटपाथ पाहिजे म्हटलं की पहिला बुलडोझर फेरीवाल्यावर जातो. कान देऊन ऐका: फूटपाथचा शत्रू भाजीवाली मावशी नाही. तिला जागा आखून द्यायचा २०१४ चा कायदा आहे. फूटपाथवर उभी असलेली मोटार मावशीच्या पाटीच्या दहापट जागा खाते आणि तिला कुणी 'अतिक्रमण' म्हणत नाही. आपण हा प्रश्न हातात घेतला नाही तर ते घेतील, आणि त्यांच्या फूटपाथवर आपली मावशी नसेल. म्हणूनच आपण घ्यायचा.

तिसरा आक्षेप कुणी तोंडाने घेत नाही, पोटात असतो. "आत्ता कुठं आपल्या पोरांकडं मोटारसायकल आली, आणि तू सायकल शिकवतोस?" माझ्या धाकट्या भावाने कर्जावर गाडी घेतली. मला आनंद झाला. त्याने तिला प्रेशर हॉर्न बसवला. परवा वस्तीच्याच बोळात त्याने एका आजीला तो हॉर्न दिला. आजी भिंतीला चिकटली. मी त्याला उतरवलं आणि विचारलं, तुझ्या बापाचा पाय कशाने मोडला रे? तो खाली बघत राहिला. गाडी घे, लेका, जरूर घे. पण पाटलाच्या गाडीवर बसला म्हणून तुला पाटील व्हायची काय गरज? चौदा एप्रिलच्या रॅलीत गाड्यांचे सायलेन्सर काढून फिरणाऱ्या दोस्तांनो, हे तुम्हालाही आहे. राग आला तर पत्र लिहा, मी उत्तर देईन.

आपल्या पँथरचं नाव कुठून आलं? अमेरिकेतल्या काळ्या पँथरकडून. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते घेतलं. त्या काळ्या पँथरनी ऑकलंडमध्ये १९६७ साली काय केलं, ठाऊक आहे? ऑकलंड म्हणजे आमच्यासारखंच बंदराचं शहर. तिथल्या काळ्या वस्तीत पंचावन्नावी स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीटचा चौक, जवळ शाळा. गाड्यांखाली लेकरं जात होती. वस्तीने सिग्नल मागितला, नगरपालिका टाळत होती. पँथर चौकात जाऊन उभे राहिले. गाड्या थांबवल्या, लेकरांना रस्ता ओलांडून दिला, परत थांबवल्या, परत ओलांडून दिला. त्या ऑगस्टमध्ये सिग्नल बसला. जगाला त्यांच्या बंदुका आणि काळे कोट आठवतात. मला तो सिग्नल आठवतो. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्यांना एका चौकाची लाज वाटली नाही.

हॉलंडचं नाव घेऊन लोक म्हणतात, तिकडे सायकल संस्कृतीच आहे. खोटं. तिकडेही मोटारींनी रस्ते बळकावले होते. १९७१ साली एका वर्षात तिथं चारशेच्या वर लेकरं रस्त्यावर मेली. मग आया-बाप रस्त्यावर उतरले, 'बालहत्या थांबवा' असं आंदोलनाचं नावच ठेवलं. कुणी 'अपघात' म्हणालं नाही. सायकलचे पट्टे त्यानंतर आले, भांडून आले.

आपल्याकडे कागद तयार आहे. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नीट चालता येईल असा फूटपाथ मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. उत्तम. बोल्यांचा ठरावही उत्तम होता. तळ्यात उतरायला चार वर्षं लागली. आपण किती लावणार?

म्हणून जिंतूरच्या आणि तुमच्या तुमच्या गावच्या दोस्तांना सांगतो.

एक, माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपये. विचारा: गावातून जाणाऱ्या रोडच्या अंदाजपत्रकात फूटपाथ होता का? होता तर कुठं गेला, कुणी गिळला?

दोन, टेप घ्या आणि मोजा. साइडपट्टी डांबरापासून किती खाली आहे ते हाताने लिहून काढा. पातळीला आणा म्हणून मागा. माझ्या बापाचा पाय वीतभर उताराने खाल्लाय.

तीन, वस्ती, शाळा, बाजार असेल तिथं ताशी ३० च्या वर गाडी नको. २०२० साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत हाच आकडा ठरलाय. तीसला धडक बसली तर माणूस बहुधा वाचतो, साठला बहुधा जातो. पाटी लावून भागणार नाही. पट्टे मारलेला, रात्री दिसणारा गतिरोधक पाहिजे.

चार, शाळेच्या रोडला सायकलचा वेगळा पट्टा, मधे दगड लावून. हातगाडीवाल्यांना आखलेली जागा. नालीवर अख्खी फरशी. वस्तीच्या तोंडाशी दिवा.

पाच, हे होईपर्यंत शाळा भरताना आणि सुटताना चौकात आपण उभं राहायचं. निळा रुमाल बांधा नाहीतर बांधू नका. गाडी थांबवायची, लेकरं पार करायची. दगड मारायचा नाही, काच फोडायची नाही. नुसतं उभं राहायचं. आपलं उभं राहणंच त्यांना झोंबतं, हा आपला अनुभव आहे.

मी पुढच्या सुट्टीला जिंतूरला जातोय. भाचीच्या सायकलच्या साखळीला तेल घालणार. बापाची सायकल मी घेणार. दोघं शाळेपर्यंत जाणार, डांबरावरून, कडेने पण डांबरावरून. एकट्या दोघांना जीप उडवून जाईल, हे मला कळतं. म्हणून पन्नास सायकली पाहिजेत. कुणाकडे असेल ती काढा, नसेल त्याने चालत या. मागून हॉर्न वाजेल. वाजू दे. बापाला मी सांगून ठेवलंय, दारात खाट टाकून बस आणि बघ, मोठ्या गाडीला थांबावं पण लागती.

जयभीम.